निरंक

लवू कुबलचं अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं होतं आणि त्याचा त्याला थोडा गर्वही होता. 'कूर्मिका' जहाजावर बुडीचा फॉर्म भरायचा तो पाण्यातून वर आलेल्या पाणबुड्याने नव्हे, तर त्याची दोरी धरणाऱ्याने, असा पहिल्यापासूनचा रिवाज. कारण साधं होतं. वर आलेल्या माणसाची बोटं गारठून लाकूड झालेली असतात, पूर्वी कागद भिजायचा, आता काचेची पाटी ओल्या बोटांना दाद देत नाही, आणि त्या माणसाला त्या घडीला फॉर्मपेक्षा चहा हवा असतो. म्हणून दोरीवाल्याने विचारायचं आणि लिहायचं. खोली किती, वेळ किती, हवा किती, आणि अगदी खालच्या चौकटीत 'त्रास किंवा तक्रार'.

त्या चौकटीत लवूने बावीस वर्षांत जवळजवळ चार हजार वेळा एकच शब्द लिहिला होता. निरंक. सांगण्यासारखं काही नाही हे सरकारी कागदावर सांगायला याहून आटोपशीर शब्द नाही. त्याचा हात इतका सरावला होता, की 'काय त्रास?' हा प्रश्न तोंडातून बाहेर पडेपर्यंत 'नि' उमटलेलाही असे.

त्या मंगळवारी सकाळीही तसंच झालं. चैताली तांडेल अठ्ठेचाळीस मीटरवरून वर आली, लवूने तिचं शिरस्त्राण उतरवलं, आणि लेखणी उचलली.

"काय त्रास?"

"निरंक, चीफ," चैताली हसून म्हणाली. पण हसताना तिने डोळे मिटून घेतले होते आणि सूर्याकडे पाठ केली होती. लवूने ते पाहिलं. शब्द मात्र तोवर लिहून झाला होता.

चैताली सातपाटीची, सत्तावीस वर्षांची. डेकवर ती त्याला 'चीफ' म्हणायची आणि डेकवरून उतरली की 'मामा'. पाच वर्षं तिची नाळ लवूच्या हातात होती. नाळ म्हणजे श्वासाची नळी, बोलण्याची तार आणि जीवदोरी एकत्र वळलेला तो जाड दोर, ज्याच्या एका टोकाला खालचा जीव असतो आणि दुसऱ्या टोकाला वरचा माणूस. कूर्मिकेवर ही जोडी सहसा बदलत नसत. लग्नं मोडलेली लवूने पाहिली होती, नाळेची जोडी मोडलेली एकदाच.

कूर्मिका आठ दिवसांपासून कोकण किनाऱ्यापासून दूर नांगरून होती. तळाशी बुडालेल्या एका जुन्या बार्जच्या लोखंडात नौदलाचं एक स्वयंचलित सर्वेक्षण यान अडकलं होतं. ते सोडवायचं काम यंत्राच्या हातांना जमेना, माणसाच्या हातांना जमत होतं. रविवारी अमावास्येचं उधाण होतं. त्याआधी यान सुटलं नाही तर लोखंडाला घासून त्याचा चुरा व्हायचा. सगळ्यात अवघड बुड्या अर्थातच चैतालीच्या वाट्याला आल्या होत्या, कारण तिचा आकडा सगळ्यात कमी होता.

हा आकडा द्यायची आत्याबाई.

तिचं कागदोपत्री नाव 'वैयक्तिक जोखीम निर्देशक'. पण हे यंत्र दिवसभर जर-तरच बोलायचं. पाणी आणखी दोन अंशांनी गार झालं तर काय, नाळ अडकली तर काय, ह्या गड्याची काल झोप झाली नसेल तर काय. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी म्हणालं, "आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं," आणि नाव पडलं ते पडलंच.

चेष्टा सोडली तर आत्याबाईचं कर्तृत्व मोठं होतं. खोल पाण्याच्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तामांसात विरघळतो. माणूस घाईने वर आला की त्याचे बुडबुडे होतात आणि ते सांध्यांत, मणक्यात जाऊन बसतात. म्हणून टप्प्याटप्प्याने, थांबत थांबत वर यावं लागतं. कुठे किती थांबायचं याची पूर्वीची कोष्टकं सरासरी माणसासाठी केलेली असत, आणि सरासरी माणूस काही कूर्मिकेवर नोकरीला नव्हता. आत्याबाई गळ्याखाली चिकटवलेल्या रुपयाएवढ्या चकतीतून ज्याच्या त्याच्या रक्तातले बुडबुडे ऐकायची, नाडी मोजायची, श्वासाला किती हवा लागली ते पाहायची, आणि पुढच्या बुडीचा आकडा सांगायची: अशा दहा हजार बुड्या मारल्या तर कितींना अपाय होईल. वीसच्या आत असेल तर हिरवा दिवा. ती आल्यापासूनच्या तीन वर्षांत जहाजावरच्या दाबाच्या कोठडीत उपचारासाठी एकालाही घालावं लागलं नव्हतं. लवू पूर्वी कोठडीबाहेर बसून काढलेले तास विसरला नव्हता, त्यामुळे तो आत्याबाईला मनातून हात जोडायचा.

चैतालीचा आकडा होता तीन. डेकवरच्या आकड्यांच्या फळ्यावर तो सगळ्यांत वर लागायचा. महिना-महिना दाबाखाली राहून काम करणाऱ्या 'खोल पथका'ची निवड पुढच्या आठवड्यात होती, आणि ती आकड्यावर होती.

*

दुपारी लवू चहाचा पेला घेऊन मागच्या डेकवर गेला. चैताली सावलीत, दोरांच्या गुंडाळ्यांवर डोळे मिटून बसली होती. जवळ जाताच त्याच्या नाकात बामाचा वास शिरला आणि त्याची पावलं तिथेच थांबली. हा वास त्याच्या ओळखीचा होता. दुखणं लपवणारे पाणबुडे बाम कपाळाला लावत नाहीत, कुणाला दिसू नये म्हणून कानामागे, केसांखाली लावतात.

"किती दिवस दुखतंय?" त्याने विचारलं.

चैतालीने डोळे उघडले. नाकारण्यात अर्थ नव्हता. "आठ. पहिल्या बुडीपासून. संध्याकाळपर्यंत उतरतं, मामा."

"खाली काय करतेस?"

"काही नाही. श्वास घेते, सहा मोजेपर्यंत धरते, मग सोडते. हवा कमी लागते, नाडी सावकाश चालते. आत्याबाई खूश."

"अगं, हवा वरून नळीने येते! ती काही संपणार आहे का? वाचवून करायचंय काय तिचं?"

"आकडा, मामा." ती जरा चिडून म्हणाली. "बाकीचे सगळे तेच करतात. मला जास्त जमतं एवढंच. आणि तुम्हीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं, श्वासाची उधळपट्टी करायची नाही."

सांगितलं होतं खरं. त्याला त्याच्या गुरूने सांगितलं होतं, त्याने हिला सांगितलं.

"आज खाली असताना काय वाटत होतं?"

"छान वाटत होतं. साखळी अडकवायची होती, ती हातात होती, आणि मला वाटलं, काय घाई आहे. मग तुम्ही फोनवर हाक मारलीत." तिने त्याच्याकडे पाहिलं. "मामा, निवड होऊ दे. मग मी स्वतः जाऊन सांगते. हे डोकं आत्ता लिहिलंत तर आठवडाभर बसवून ठेवतील, आणि पुढची निवड दोन वर्षांनी. मी कुणाचं वाईट करत नाहीये."

लवूच्या हातातला चहा निवून गेला. 'आठवडाभर बसवून ठेवतील' हे शब्द त्याने पूर्वी एकदा ऐकले होते, फक्त मालवणीत.

*

एकोणीस वर्षांपूर्वी त्याच्या हातात बाबल आचरेकरची नाळ होती. बाबल आणि लवू एकाच वाडीतले, एकाच दिवशी भरती झालेले. एका दुपारी बाबल वर आला आणि म्हणाला, "डोकां ठणकता रे. पण निरंक लिव, नायतर आठवडोभर बसवून ठेवतले." लवूने लिहिलं. दुसऱ्या दिवशी खाली बाबलने बोलणं बंद केलं. लवूने दोराला हिसका दिला, खालून उत्तराचा हिसका आला नाही. बेशुद्ध बाबलला लवूने एका दमात वर ओढला, वाटेत थांबायला वेळच नव्हता. जीव वाचला, पण बुडबुडे मणक्यात बसले आणि बाबलचा उजवा पाय कायमचा गेला. चौकशीत आदल्या दिवशीचा फॉर्म काढला गेला. त्यावर सुवाच्य अक्षरात निरंक होतं. समितीने निष्कर्ष लिहिला: कारण अज्ञात. आणि लवूने तोंड उघडलं नाही.

चहा समुद्रात ओतून तो नियंत्रण कक्षात गेला. आत्याबाईसमोर बसायची त्याची ही पहिलीच वेळ नव्हती, पण आज त्याला तिची भीती वाटत होती.

"तुझ्याकडे डोकेदुखीच्या नोंदी किती?" त्याने विचारलं.

"एकतीस हजार चारशे बुड्यांत नऊ," आत्याबाईने उत्तर दिलं.

"श्वास मंद ठेवणाऱ्यांच्या बुड्यांत किती?"

"शून्य. मंद श्वास हे अनुभवी आणि सुरक्षित पाणबुड्याचं लक्षण आहे."

"हे तुला कुणी शिकवलं?"

"नोंदींनी. सर्वाधिक नोंदी करणारी व्यक्ती: एल. कुबल."

आत्याबाईची काही चूक नव्हती. श्वास धरून ठेवला की कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही, तो रक्तात साठतो. आधी डोकं ठणकतं. खोल पाण्यात नायट्रोजनची धुंदी असतेच, तिला ह्या वायूची जोड मिळाली की माणसाला विनाकारण बरं वाटू लागतं, घाई संपते, आणि मग शुद्ध संपते. हा वायू कातडीवरून मोजता येतो, पण गार पाण्यात कातडीतलं रक्त आत ओढलं जातं आणि मोजमाप वीस मिनिटं मागे पडतं. म्हणून आत्याबाईला बनवणाऱ्यांनी तिला जुने फॉर्म दिले आणि म्हटलं, यातून शीक. तिने पाहिलं, की जुने-जाणते सावकाश श्वास घेतात आणि त्यांना कधीच काही होत नाही. नववी नापास मुलगासुद्धा यातून दुसरा निष्कर्ष काढणार नाही. ज्यांचं डोकं ठणकलं त्यांनी सांगितलं नाही, ज्यांनी सांगितलं त्यांचं लवूने लिहिलं नाही. आता ती खोटं बोलणाऱ्यांनाच शाबासकी देत होती, आणि शाबासकीसाठी पोरं आणखी श्वास धरत होती.

*

बुधवारी सकाळी समुद्र तेलासारखा शांत होता. बुडीआधीच्या बैठकीला सातही पाणबुडे डेकवर जमले. पथकाच्या प्रमुख लेफ्टनंट कमांडर शलाका निंबाळकर फळ्याजवळ उभ्या होत्या. चैतालीसमोर आकडा होता: दोन. कूर्मिकेवर असा आकडा कुणी पाहिला नव्हता. कुणीतरी शीळ घातली.

"हवामान उत्तम, आकडे उत्तम," निंबाळकर म्हणाल्या. "आज यान सुटायला हवं. कुणाला काही सांगायचंय?"

हा प्रश्न नियमातला होता. बुडीआधी कुणीही, कारण न देता, नको म्हणू शकतं, असा तो नियम. सात जणांनी सवयीने एका सुरात उत्तर दिलं, "निरंक, मॅडम."

"माझं आहे," लवू म्हणाला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. चैतालीचा चेहरा उतरला. ती त्याच्याकडे रोखून पाहत होती. पण तो तिच्याबद्दल बोललाच नाही.

"एकोणीस वर्षांपूर्वी बाबल आचरेकरने मला सांगितलं होतं, डोकं ठणकतंय. मी निरंक लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्याचा पाय गेला. चौकशीत मी गप्प राहिलो. त्यानंतरही लिहीत राहिलो. किती वेळा खोटं लिहिलं, आठवत नाही. शंभर तरी असतील. आत्याबाई माझ्या फॉर्मवर शिकली, मॅडम. तिच्या आकड्यावर आज कुणाला खाली सोडू नका. मी दोरी धरणार नाही."

निंबाळकर चौतीस वर्षांच्या, स्वतः दहा वर्षं पाण्यात काढलेल्या. त्यांनी फळ्यावरचा दोन पाहिला आणि मग लवूकडे.

"आठ महिन्यांनी तुमची निवृत्ती आहे, चीफ. याची चौकशी होईल. मी हे दाबणार नाही."

"दाबू नका."

"मॅडम," चैताली म्हणाली. तिने हनुवटी वर केली होती, पण डोळे भरले होते. "माझं डोकं नऊ दिवस दुखतंय. काल खाली मला काम सोडून बसून राहावंसं वाटत होतं. मी श्वास धरते. चीफना मी सांगू नका म्हटलं होतं."

या एका वाक्यात तिने खोल पथक सोडून दिलं, आणि ते तिला पुरतं ठाऊक होतं. लवूला वाटलं, खालच्या काळोखात उतरायला जेवढी छाती लागते, त्याहून मोठी छाती या पोरीने आत्ता उजेडात दाखवली.

मग मागून एक जण पुटपुटला, "माझंही. रविवारपासून." दुसरा नुसताच हात वर करून उभा राहिला. चैतालीसह सातांतले पाच. निंबाळकर म्हणाल्या, "माझ्या दोन बुड्या आहेत. जुन्या. मी आठवून लिहीन." आणि त्यांनी ओल्या फडक्याने फळा पुसून टाकला.

किनाऱ्यावरून फोन आला तेव्हा लवू शेजारीच होता. पलीकडचा आवाज चढलेला होता. "होय सर, यानाचं नुकसान होईल," निंबाळकर म्हणाल्या. "नाही सर, हवामान उत्तम आहे. डोकी दुखताहेत. होय सर, माझ्या सहीने." फोन ठेवल्यावर त्यांनी पाण्याचा पूर्ण ग्लास एका दमात संपवला.

रविवारच्या उधाणात यानाचा पुढचा भाग चेचला गेला. माणसं सगळी वर होती.

*

त्यानंतरचे पंधरा दिवस निंबाळकरांनी एक वेगळीच मोहीम चालवली. आजी-माजी प्रत्येक पाणबुड्याने आपल्या जुन्या बुड्या आठवाव्यात आणि निरंकच्या जागी जे खरं असेल ते लिहावं. शिक्षा नाही, फक्त सही. पहिले तीन दिवस कुणी फिरकलं नाही. चौथ्या दिवशी लवूने स्वतः लिहिलेले एकशे बारा फॉर्म दुरुस्त करून ठेवले, आणि मग मात्र झुंबड उडाली. सतराशे दुरुस्त्या आल्या. आत्याबाई नव्याने शिकली. आता एकसारखा सावकाश श्वास आणि धरून ठेवलेला श्वास यांतला फरक तिला कळू लागला, आणि धरलेला श्वास दिसला की ती आकडा झपकन वर न्यायची. आकड्यांचा फळा डेकवरून कायमचा गेला.

खोल पथकाची निवड चैतालीशिवाय झाली. दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी लवूपाशी आली आणि म्हणाली, "चला मामा, ते मोडकं यान तरी काढू."

तिचा आकडा आला चौदा. लवूने उघड्या हातांनी नाळ धरली. शिरस्त्राणातून तिचा श्वास ऐकू येत होता, मोठा, मोकळा, उधळा. पन्नास मिनिटांनी यान सुटलं. ती टप्पे घेत वर आली. लवूने शिरस्त्राण उतरवलं, पाटी मांडीवर घेतली आणि लेखणी खिशातच ठेवली.

"काय त्रास?"

"निर..." चैताली थांबली. लवूही थांबला. "डावा कान. जरासा."

मग त्याने लेखणी काढली आणि लिहिलं.

*

एक फॉर्म मात्र बाकी होता. दुसऱ्याच्या शरीराची नोंद बदलायची तर त्या माणसाचीही सही लागते; बाकीच्यांच्या मिळाल्या होत्या, बाबलची उरली होती. लवू रजा काढून मालवणला गेला.

बाबल अंगणात खुर्चीवर बसून जाळं विणत होता. कुबडी भिंतीला टेकवलेली. लवूने उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "नव्या आत्याबाईला तुझी ती दुसऱ्या दिवसाची बुडी दाखवली. आदल्या दिवशीची डोकेदुखी धरून तिने आकडा दिला दोनशे बारा. लाल. मी खरं लिहिलं असतं तर..."

"आत्येक मिशी असती तर," बाबल म्हणाला आणि जाळ्याची गाठ आवळली. "एकोणीस वर्सा लागली तुका ह्या सांगूक? निरंक लिव म्हणान मीच सांगलंय मा तुका?"

"तरी लिहिणारा हात माझा होता."

"हाड तो कागद," बाबलने हात पुढे केला. लवूने पाटी दिली.

बाबलने चष्मा लावून पाटीवरची ओळ वाचली. निरंकवर काट मारलेली, खाली मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेलं: 'डोकं ठणकत होतं. त्याने सांगितलं होतं. मी लिहिलं नाही.' त्याने ती दोनदा वाचली आणि मान हलवली.

"मी सय करूचंय नाय."

"का?"

"अर्धा खरा लिवतंस म्हणान. दुसऱ्या दिवसाचो फॉर्म खंय? त्याच्यात काय लिवलंस?"

तो फॉर्म लवूने आणला होता. दुसऱ्या दिवशीच्या चौकटीत वेळ, खोली आणि 'पाणबुड्या बेशुद्ध' एवढंच होतं.

"लिव," बाबल म्हणाला. त्याने जाळं बाजूला ठेवलं होतं. "दोरयेचो जबाब इलो नाय. तेवा लवू कुबलान कोणाच्या हुकमाची वाट बघल्यान नाय. एकट्यान वर वढल्यान. हातांची सालपटा गेली तरी सोडल्यान नाय. म्हणान बाबल आचरेकर आज जाळा विणता. लिव सगळा. मगे सय करतंय."

लवूने लेखणी टेकवली. बावीस वर्षांत त्याचं अक्षर पहिल्यांदाच वाकडं आलं.